देवावर हवाला : वऱ्हाडातील ख्रिस्ती सेवेचा एक अध्याय

श्रोतेहो, ‘देवावर हवाला ठेवणे’ हा आपल्या भाषेतील फार जुना वाक्प्रचार आहे. हवाला हा शब्द मूळचा पेढीवरचा. अमरावती, अकोला आणि खामगाव येथील कापसाच्या बाजारात एके काळी हुंडी आणि हवाला या दोन शब्दांवाचून व्यवहाराचे पान हालत नसे. हुंडीला रक्कम असते, मुदत असते, आणि ती पटली नाही तर दाद मागण्यास जागा असते. देवावर ठेवलेल्या हवाल्याचे तसे नाही. तेथे रक्कम लिहिलेली नसते, मुदत ठरलेली नसते, आणि दाद मागावी तर ती ज्याच्यावर हवाला ठेवला त्याच्याच दारी. असे असताही काही माणसांनी आपला देह, आपला संसार आणि आपले भवितव्य या एका हवाल्यावर सोडून वऱ्हाडात सेवा केली. त्या सेवेतील धोका कोणता होता, तो पत्करताना देवावरील भरवशाचा अर्थ त्यांनी काय केला, आणि काळाने त्या अर्थात कोणती भर घातली, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या काळचे वऱ्हाड डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. आगगाडी अकोल्यावरून बडनेऱ्यास पोहोचली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण लोकांच्या तोंडी आहे, ती अशा समृद्धीला साजेशीच होती. परंतु या समृद्धीची हद्द फार दूरवर नव्हती. अमरावतीहून एलिचपुराकडे, म्हणजे आजच्या अचलपुराकडे जावे, तो उत्तरेस गाविलगडाचा डोंगर उभा राहतो, आणि त्याच्या मागे मेळघाट पसरलेला दिसतो. तेथे कोरकू लोकांची वस्ती. कापसाचा पैसा त्या डोंगरावर चढला नाही. पावसाळ्यानंतर तेथे हिवतापाची साथ ठरलेली, आणि वैद्य किंवा डॉक्टर कोसांच्या कोसांत मिळावयाचा नाही. एलिचपूर हा त्या वेळी निराळा जिल्हा होता. १९०५ साली तो अमरावतीत सामील झाला.

या एलिचपुरास १८७० नंतरच्या दशकात अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन पाद्री येऊन राहिले. विल्यम टेलर या मेथॉडिस्ट उपदेशकाच्या हाकेला ओ देऊन हिंदुस्थानात आलेल्यांपैकी ते होते. परदेशातील मंडळाच्या पगारावर अवलंबून न राहता काम करावे, असा टेलरसाहेबांचा आग्रह असे. नॉर्टनसाहेब त्याच वाटेने पुढे गेले. दरमहा ठराविक वेतन नाही, पाठीशी मोठी संस्था नाही, आणि कोरकू लोकांची भाषा शिकण्यास एखादे पुस्तकही नाही. त्या भाषेचे व्याकरण तयार होऊन छापले जाण्यास १९०३ साल उजाडावे लागले. ते जॉन ड्रेक यांनी लिहिले, आणि तेही याच डोंगराळ भागात काम करणाऱ्या कुर्कू मिशनचे होते. मध्यंतरीचा सारा काळ भाषा कानांनी वेचण्यात आणि ज्वराशी झगडण्यात गेला.

पगाराची हमी न घेता सेवेस निघण्याची ही रीत त्या काळी जगभर रूढ होत होती. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ पासून अनाथालय चालविले. कोणापुढे हात पसरावयाचा नाही, गरज केवळ प्रार्थनेत सांगावयाची, हा त्यांचा नेम होता. हडसन टेलर यांनी १८६५ साली चीनसाठी जे मिशन स्थापिले, तेही याच धर्तीवर. अशा संस्थांना श्रद्धा-मिशन म्हणत. येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो, आणि तो आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. देवावर भरवसा ठेवावयाचा म्हणजे मनुष्याने योजिलेली साधने टाकून द्यावयाची काय ? पैशाच्या बाबतीत ज्याने पगार नाकारला, त्याने आजाराच्या बाबतीत औषधही नाकारावे काय ?

हडसन टेलर यांच्यापुढे हा प्रश्न अगदी तरुणपणीच आला. १८५३ च्या सप्टेंबरात ते प्रथम चीनला निघाले, तेव्हा इंग्लंडचा किनारा सुटण्यापूर्वीच त्यांचे जहाज वादळात सापडले. जवळ तरंगण्याचा पट्टा होता. परंतु तो बाळगला तर देवावरचा भरवसा अपुरा ठरेल असे वाटून त्यांनी तो दुसऱ्यास देऊन टाकला. पुढे शांतपणे विचार करता त्यांचे मत पालटले. साधने वापरल्याने भरवसा उणा होत नाही. साधने देवाने दिली म्हणून वापरावी आणि भरवसा साधनांवर न ठेवता देवावर ठेवावा, असा निर्णय त्यांनी केला आणि तो स्वतः लिहून ठेवला. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, हेही येथे ध्यानात घ्यावे.

सर्वांनी हा निर्णय मानला असे नाही. ए. बी. सिम्सन या अमेरिकन उपदेशकाने १८८५ साली दैवी आरोग्यावर एक पुस्तक लिहिले. प्रार्थनेने रोग बरा होतो या शिकवणीवर त्यांचा मोठा भर होता. त्या काळी अशा शिकवणीने भारलेल्या काही श्रद्धाळू तरुणांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर क्विनीन घेण्याचे नाकारले आणि ज्वराने प्राण गमावले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बायबलातच एक प्रसंग आहे : सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी घाल, देवदूत तुला झेलतील. येशू उडी घालीत नाही. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर भरवसा ठेवणे या दोन गोष्टी तेथे स्पष्टपणे वेगळ्या केल्या आहेत. खाटल्यावर पडून हरीने द्यावे अशी वाट पाहणाऱ्याची आपल्याकडे जी म्हण आहे, तिच्यातही हाच विवेक उपरोधाने सांगितला आहे.

आता अकोल्याकडे वळू. नॉर्टन दांपत्याच्या हाताखाली काम करण्यासाठी जेनी फ्रो नावाची एक तरुण अमेरिकन बाई एलिचपुरास आली होती. पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह होऊन ती पुन्हा वऱ्हाडात आली, आणि आकोट व अकोला येथे या दांपत्याने आपले काम उभे केले. १८९२ च्या सुमारास सिम्सन यांच्या संस्थेशी, जिला पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे नाव मिळाले, हे काम जोडले गेले. फुलरबाईंनी येथील स्त्रियांची स्थिती वर्षानुवर्षे जवळून पाहिली. बालविवाह, वैधव्य, देवदासींची चाल यांविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. त्यातील काही मते आज एकांगी वाटतील. परंतु ज्या दुःखाविषयी ते लिहिले ते दुःख खोटे नव्हते.

ते पुस्तक छापले जात असतानाच वऱ्हाडावर १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. १८९९ च्या पावसाने दगा दिला. ज्वारी बुडाली, कापूस बुडाला. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वऱ्हाडात आगगाडी होती, आणि पैसा असणाऱ्यास बाहेरचे धान्य विकत मिळणे अशक्य नव्हते. परंतु शेतमजुराचे पोट कापूस वेचण्याच्या आणि निंदणीच्या मजुरीवर चाले. पीक नाही म्हणजे मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे बाजारात धान्य असूनही ताटात नाही. शिवाय विहिरी आटल्या, उरल्यासुरल्या गढूळ पाण्यावर माणसांची आणि गुरांची झुंबड उडाली, आणि पटकीने गाठले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास दाखवून दिला होता. पटकी पाण्यातून पसरते हे जाणत्यांना ठाऊक होते. परंतु ज्याच्यापुढे एकच डबके आहे त्याने त्या ज्ञानाचे काय करावे ? पुढे १९०० चा पाऊस आला आणि त्यासोबत ज्वर आला; उपासमारीने खंगलेल्या देहांना तो सोसला नाही. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या प्रांताची वस्ती वाढावयाची, तिच्यात दहा वर्षांत सुमारे शेकडा ५ ची घट झाली. या एका आकड्यात सारा प्रकार आला.

अशा समयी मिशनच्या दाराशी मुले येऊ लागली. काही आईबापांनी सोडलेली, काही आईबाप मेलेली. अकोल्यास मुलांसाठी आणि खामगावास मुलींसाठी अनाथालये चालविली गेली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. १९०० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज सुमारे ५,००० टन मका घेऊन मुंबईस आले. तेथील वर्तमानपत्रांतून दुष्काळाची वार्ता वाचून सामान्य लोकांनी दिलेल्या वर्गणीतून आणि देणग्यांतून ते भरले होते, आणि त्याची वाटणी मिशनऱ्यांच्या समितीमार्फत झाली. श्रद्धा-मिशनचा हवाला पटला तो अशा वाटांनी.

परंतु धोक्याचे काय ? अनाथालय म्हणजे शेकडो दुबळी मुले एका आवारात. तेथे एकाला पटकी किंवा हगवण झाली की सर्वांना भय, आणि शुश्रूषा करणाऱ्यांना अधिक भय. दुष्काळाच्या त्या वर्षांत हिंदुस्थानात अनेक मिशनरी आणि त्यांचे देशी सहकारी रोगांना बळी पडले. फुलरबाईही १९०० सालीच निवर्तल्या. त्यांच्या आठवणींचे पुस्तक हेलन डायर यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच्या नावात अकोला आणि मुंबई ही दोन्ही गावे गोवली आहेत. पंचविसांहून कमी वर्षांच्या सेवेची ही समाप्ती. ज्यांनी देवावर हवाला ठेवला त्यांना रोग शिवणार नाही, अशी जर कोणाची समजूत असेल, तर या इतिहासात तिला आधार नाही.

मग भरवसा फोल ठरला काय ? बायबलातील दानीएलाच्या ग्रंथात तिघा तरुणांची कथा आहे. राजा त्यांना अग्नीत टाकण्याची धमकी देतो. ते सांगतात, आमचा देव आम्हांस सोडविण्यास समर्थ आहे. आणि त्याने सोडविले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्यात भरवशाचे खरे स्वरूप आहे. फळाची हमी मागून जो उभा राहतो तो व्यापारी; हमी नसताही आपले कर्तव्य न सोडता जो उभा राहतो तो भक्त. अकोल्याच्या आवारात जी माणसे शुश्रूषेला राहिली, त्यांच्यापैकी काही जगली आणि काही मेली. राहण्याचा निश्चय मात्र दोघांचाही सारखाच होता.

येथवर आपण स्वतःच्या जिवाचा धोका पत्करणाऱ्यांविषयी बोललो. परंतु याहून कठीण असा एक प्रश्न आहे. माझा जीव मी देवावर सोडीन. माझ्या आश्रयाला आलेल्या मुलाचा जीव तसाच सोडून देण्याचा मला अधिकार आहे काय? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर पंडिता रमाबाईंच्या आचरणात सापडते. म्हणून क्षणभर वऱ्हाडाबाहेर पाऊल टाकू.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळला नव्हता. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत भटकत असता त्यांचे आईबाप आणि थोरली बहीण अन्नान्न दशेत गेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. इतक्या जणींना पोसण्यास पैसा जवळ नव्हता. तो येईल असा त्यांचा भरवसा होता. परंतु त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. नव्याने आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवणे प्लेगच्या नियमांमुळे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या उघड्या माळावर हलविले. तेथे प्रथम तंबू ठोकले, विहिरी खोदल्या, आणि मग घरे बांधली. १८९८ साली मुक्तिसदन उभे राहिले. पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीची जी हेळसांड झाली, तिच्याविषयी त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड तक्रार केली आणि सरकारी रोषाची पर्वा केली नाही. पाहा, श्रोतेहो : स्वतःच्या उदरनिर्वाहाविषयी देवावर निश्चिंत असलेली ही बाई मुलींच्या जिवाविषयी किती जागरूक होती ! पाणी, हवा, अंतर, औषध, अधिकाऱ्यांशी झगडा, यांतले एकही साधन त्यांनी सोडले नाही. १९०० सालच्या दुष्काळात त्यांच्याकडील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एलिचपूरचे नॉर्टनसाहेबही शतकाच्या अखेरीच्या या दुष्काळात दौंडास आले आणि मुलग्यांचे आश्रम चालवू लागले.

या सेवेला दुसरी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. भुकेल्या मुलाला अन्न दिले हे पुण्य खरे. परंतु त्या मुलाने पुढे कोणत्या धर्मात वाढावे हे त्याला कोणी विचारले होते? हिंदू समाजात या प्रश्नाने मोठी तळमळ उत्पन्न केली. उत्तरेत लाला लजपतराय यांनी आर्यसमाजाच्या वतीने १८९७ पासून हिंदू अनाथ मुलांना आश्रय देण्याची चळवळ चालविली, आणि १९०१ च्या दुष्काळ कमिशनपुढे या बाबतीत साक्षही दिली. अनाथ मुले प्रथम कोणाच्या स्वाधीन करावी, हा वाद सरकार दरबारी गाजला. या वादात दोन्ही बाजूंना काही सत्य होते. सेवा करणाऱ्याने स्वतःच्या जिवाचा हवाला द्यावा. दुसऱ्याच्या मनाचा हवाला परस्पर देऊ नये, हा त्यातला धडा. आणि समाजाने घेण्यासारखा धडा हा की आपल्या दारचे मूल दुसऱ्याच्या दारी गेले याचा विषाद करावयाचा, तर आपले दार आधी उघडावे. लालाजींनी ते उघडले, हे त्यांचे मोठेपण.

दुष्काळाचा धोका वर्षा-दोन वर्षांचा. याहून दीर्घ आणि याहून भयंकर मानला गेलेला धोका कुष्ठसेवेत होता. त्या काळी या रोगाला महारोग म्हणत आणि रोग्याला गावाबाहेर काढीत. वेलस्ली बेली या आयरिश गृहस्थांनी १८७४ साली कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अचलपुराजवळ कोठारा येथे रोग्यांसाठी वसाहत उभी राहिली, आणि त्या कामाचा उगमही डोंगराकडील मिशनच्या खटपटीतच होता.

कोठाऱ्यास जे कोणी काम करण्यास गेले असतील त्यांच्या मनात कोणते भय असेल, हे समजण्यास एक गोष्ट पुरे. १८८९ साली हवाई बेटांपैकी मोलोकाई येथे फादर डेमियन हे बेल्जियन धर्मगुरू कुष्ठरोगाने वारले. सोळा वर्षे त्यांनी तेथील रोग्यांत काढली होती. त्या वार्तेने साऱ्या जगाचा थरकाप झाला. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ सालीच पाहिला होता. परंतु औषध सापडले नव्हते. १८९०-९१ साली हिंदुस्थानात आलेल्या कुष्ठ-कमिशनने हा रोग फारसा संसर्गजन्य नाही असा अभिप्राय दिला; तरीही लोकांचे भय सरले नाही, आणि १८९८ साली भिकारी रोग्यांना बंदिस्त करण्याचा कायदा झाला. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले ! जंतूपेक्षा भयाचे आयुष्य किती मोठे असते, याचे हे उदाहरण आहे.

अशा स्थितीत रोग्याची जखम धुणारा हात हाच खरा उपदेश होता. त्याचा परिणाम ख्रिस्ती मंडळीपुरता राहिला नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठसेवा आरंभिली. अमरावतीस होमिओपथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवन उभे केले आणि विदर्भ महारोगी सेवा मंडळामार्फत रोग्यांना औषधाबरोबर उद्योग आणि स्वाभिमान दिला. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसविले. यांपैकी कोणी ख्रिस्ती नव्हते. तथापि ज्या भयाने गाव दूर पळे त्या भयाच्या पलीकडे प्रथम ज्यांनी पाऊल टाकले, त्यांची वाट या सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

याच दशकात डॅप्सोन हे औषध उपयोगात आले. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली, आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. बहुसंख्य माणसांच्या देहात या जंतूला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, हेही आता निश्चित झाले आहे. म्हणजे कोठाऱ्याच्या आरंभीच्या सेवकांनी जो धोका मानला होता, तो वास्तविक त्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळच लहान होता. यावरून त्यांचे धैर्य लहान ठरते काय ? मुळीच नाही. धैर्याचे माप ज्ञात असलेल्या भयाने करावयाचे असते. अंधारात पाऊल टाकणाऱ्याला पुढे खड्डा नव्हता हे उजाडल्यावर कळले, म्हणून त्याचे अंधारातले धैर्य खोटे ठरत नाही.

ज्ञान आणि भरवसा यांची गाठ कशी पडते याचा आणखी एक दाखला अकोला जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. वाशीम हे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाई १९३६ साली नाझरीन मंडळीच्या वतीने हिंदुस्थानात आल्या. वाशिमात शाळेच्या जुन्या इमारतीत १९३८ साली त्यांनी इस्पितळ सुरू केले. ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल या नावाने प्रसिद्ध झाले. परक्या देशात, आडगावी, शस्त्रक्रियेची जबाबदारी शिरावर घेऊन राहणारी बाई देवावर भरवसा ठेवूनच आली असली पाहिजे. परंतु तिच्या हातात शस्त्रवैद्यकाची विद्या होती. एलिचपुराचा पहिला पाद्री भाषा, औषध आणि पैसा यांवाचून आला. वाशिमाची डॉक्टरबाई विद्या घेऊन आली. साठ वर्षांत भरवशाचा त्याग झाला नाही. त्याच्या हाती साधने आली, एवढेच.

श्रोतेहो, या साऱ्या वृत्तांताचे सार काय ? पहिली गोष्ट, देवावरचा हवाला म्हणजे संकट टळण्याची हमी नव्हे. अकोल्याच्या फुलरबाई आणि मोलोकाईचे फादर डेमियन यांची आयुष्ये याला साक्ष आहेत. दुसरी गोष्ट, क्विनीनची पुडी, उकळलेले पाणी, स्वच्छ पट्टी ही देवाच्या कृपेच्या आड येत नाहीत. तीच तिची वाट असू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. स्वतःचा जीव देवावर सोडणे हा भक्ताचा अधिकार आहे, पण आश्रिताचा जीव आणि त्याचे मन ही ठेव आहे, आणि ठेवीचा हिशोब पैपैने द्यावा लागतो. ज्यांनी हा भेद ओळखला त्यांची सेवा टिकली.

हा भेद केवळ मिशनऱ्यांना लागू आहे असेही नाही. साथीच्या दिवसांत रोग्याच्या खाटेजवळ बसणारी परिचारिका, मेळघाटात पावसाळ्यात नदीनाले ओलांडून बाळंतिणीकडे जाणारी आरोग्यसेविका, पुरात होडी घालणारा तरुण, या सर्वांना कोणत्या ना कोणत्या रूपात हाच प्रश्न सोडवावा लागतो. कोणी त्या हवाल्याला देवाचे नाव देईल, कोणी कर्तव्याचे. आधी हात धुवावे, दोर तपासून पाहावा, जवळच्या माणसांना सुरक्षित करावे. आणि एवढे झाल्यावर जो धोका उरतो, आणि तो नेहमीच उरतो, त्याकडे पाठ न फिरविता पुढे जावे. वऱ्हाडातील त्या माणसांनी देवावर सोडला तो हा उरलेला धोका. तेवढा सोडता आला म्हणूनच त्यांचे दोन्ही हात सेवेला मोकळे राहिले.